आईला पावागडला न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले. दिवाळीनंतर आईला पावागडला न्यायचंय. कालिकामातेचं दर्शन कित्येक वर्षं तिच्या मनात आहे, पण वय 71 आणि गुडघे धरलेले. माचीपर्यंत गाडी जाते, पुढे उडनखटोला (रोपवे) आहे. खरी काळजी त्यातून उतरल्यावरच्या पायऱ्यांची. वर डोली मिळते का? धरायला कठडा सलग आहे का? पहाटे निघालो तर गर्दी टळेल?

येताना चांपानेरची जामी मशीद दाखवायचीच. 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे ती. तिथल्या दगडी जाळीची नक्षी तिरप्या उन्हात फरशीवर उमटते, ते आईने एकदा तरी बघावं. जवळपास सावलीत बसून दशम्या खाता येतील अशी जागा आहे का? घरच्या वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.