पॅलिएटिव्ह केअरला मराठीत काय म्हणायचं? (नर्सेसच्या ट्रेनिंगसाठी)

रानवारा: आमच्याकडे तालुक्याला नर्सेसना पॅलिएटिव्ह केअरचं (गंभीर आजारात त्रास कमी करणारी काळजी) ट्रेनिंग द्यायचंय, नोट्स मराठीत हव्यात. कुणी 'उपशामक सेवा' म्हणतं, कुणी 'परिहारक'. काय वापरू?

शब्दयात्री: 'पॅलिएटिव्ह'चं मूळ लॅटिन पॅलियम, अंगावर पांघरायचा झगा. केरळात डॉ. राजगोपाल यांनी 2003 ला काढलेल्या संस्थेचं नावच पॅलियम इंडिया आहे. 'शामक' म्हटलं की लोकांना झोपेची गोळी आठवते. आणि 'मरणासन्नांची सेवा' तर अजिबात नको, ही काळजी आजार कळल्यापासून बाकी उपचारांच्या जोडीनेच सुरू करता येते.

सिस्टरमावशी: वॉर्डात आम्ही घरच्यांना 'त्रास कमी करायची ट्रीटमेंट' असंच सांगतो, ते लगेच कळतं. पण रानवारा, नोट्समध्ये नावापेक्षा दुखण्याचे शब्द आधी घ्या हो. फॉर्मवर दुखणं किती ते शून्य ते दहा असा आकडा लिहायचा असतो आणि आज्जी काही आकडा सांगत नाही, ती म्हणते ठणका लागलाय, सणक जाते, आगआग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं, आणि नवीन मुली या सगळ्याचं 'पेन आहे' एवढंच लिहून मोकळ्या होतात. आग, मुंग्या, करंट हे बरेचदा नसेचं दुखणं असतं, त्याला नुसत्या मॉर्फिनने पुरेसा आराम पडेलच असं नाही, डॉक्टर गॅबापेन्टिन वगैरे जोडतात. पेशंटचा शब्द जसाच्या तसा केसपेपरवर आला तर औषध बदलतं! आणि मॉर्फिनवरचा पेशंट पोटात कळ येते म्हणाला तर शौचाला कधी झाली ते आधी विचारायचं, पोट साफ व्हायचं औषध सोबत चालू असायलाच हवं.

शब्दयात्री: मावशी, फार महत्त्वाचं सांगितलंत. लंडनला 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स डॉक्टर व्हायच्या आधी नर्स होत्या, 'टोटल पेन' ही कल्पना त्यांचीच, म्हणजे शरीराचं, मनाचं, घरच्या काळजीचं, श्रद्धेचं सगळं मिळून एक दुखणं. आपल्याकडे तगमग, घालमेल, जीव टांगणीला लागणं हे शब्द आहेतच की, तेही घ्या. आणि आपला 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' धातूवरून आलाय, मूळ अर्थ ऐकायची इच्छा.

रानवारा: मग नाव पॅलिएटिव्ह केअरच ठेवते आणि पहिलं सेशन दुखण्याच्या शब्दांचं घेते. विदर्भ, खानदेश, कोकणातल्यांनी आपापल्याकडचे शब्द द्या प्लीज, दुखणं नेमकं कसं असतं तेही लिहा.