अर्धशिशीसाठी सुया: सोबत मॉक्साही घ्यावा का?

प्रश्न: महिन्यातून पाच-सहा वेळा अर्धशिशी उठते. एका बाजूला ठणका, उजेड आणि उग्र वास सहन होत नाही. ॲक्युपंक्चरसोबत मॉक्साचा (पेटवलेल्या वनस्पतीच्या कांडीचा) शेक सुचवलाय. किती सिटिंग लागतात? शेक घ्यावा का?

प्रतिसाद १: सुया अटॅक कमी व्हावेत म्हणून घेतात, त्यामुळे एका सिटिंगवरून निकाल लावू नका. 5 ते 8 आठवड्यांत 10 पर्यंत सिटिंग हे नेहमीचं प्रमाण. 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अहवाल) अटॅक निम्म्यावर किंवा त्याखाली आलेले रुग्ण खऱ्या सुयांनी 50 टक्के, तुलनेसाठी वापरलेल्या खोट्या सुयांनी 41 टक्के. फरक आहे, पण लहान. आधीपासून डोकेदुखीची वही ठेवा, गोळ्यांच्या दिवसांसकट. ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) महिन्याला 10 दिवस किंवा साधी वेदनाशामकं 15 दिवस होत असतील, तर गोळ्यांनीच डोकं दुखत असू शकतं. मग सुया काय करणार!

प्रतिसाद २: बहुधा हेगु (अंगठा-तर्जनीमधला), तायांग (कानशिलावरचा) आणि फेंगची (कवटीखालचा मानेतला खळगा) हे बिंदू घेतात. सुई 0.25 मिमी जाड, 20-30 मिनिटं ठेवायची. फेंगचीत टोक नाकाच्या शेंड्याकडे हवं. वर आणि आत खोल गेलं तर मेंदूच्या देठाला धोका. खांद्यावर सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं: नंतर धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा. गरोदरपणात हेगु टाळतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. उपाशीपोटी जाऊ नका, आडवं पडूनच सुया घ्या. बसून घेतल्या की घेरी येते. सुयांचं पाकीट समोर फोडायला लावा.

प्रतिसाद ३: मॉक्सा म्हणजे दवण्याच्याच कुळातल्या वनस्पतीचा वाळवलेला लव. कांडी पेटवून त्वचेपासून 2-3 सेंमीवर, जागा लालसर होईपर्यंत, 10-15 मिनिटं धरतात. चिनी परंपरेतही तो गारठ्यानं वाढणाऱ्या दुखण्याला देतात, ठणक्याला सहसा नाही. अर्धशिशीसाठी पुरावाही तोकडाच. शिवाय धूर उग्र असतो, तुम्हाला तर वासच सोसत नाही. मी नको म्हणेन. मधुमेहानं बधिरता असेल तर चटका कळत नाही आणि फोड येतो.

प्रश्नकर्ता: चालू गोळ्या बंद करू?

प्रतिसाद १: स्वतःहून नको, डॉक्टरांशी बोलून. आणि क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, हातपाय लुळे पडणं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं असेल, तर सुया नंतर, आधी तपासणी.