डिफेन्सच्या कामात शिरायचंय, सरकारी पैसा नेमका कुठे मिळतो? (वागळे इस्टेट, बजेट ८ लाख)

वागळेचा_टर्नर: नमस्कार मंडळी. भाड्याच्या गाळ्यात २ सीएनसी लेथ, १ व्हीएमसी मिलिंग मशीन. स्टेनलेस स्टीलचे बुश, पिना, स्पेसर करतो, सगळं गाडीवाल्यांसाठी. ते दरवर्षी रेट खाली ओढतात. डिफेन्सला माल द्यायचाय. त्यासाठी सरकार छोट्यांना पैसे देतं म्हणे. माझे ८ लाख, त्यापुढे एक रुपया नाही, घरून सक्त ताकीद आहे. कुठली योजना बघू? की आधी जुनं सीएमएम (पीसची मापं तपासायचं मशीन) घेऊ? कृपया कर्ज सुचवू नका.

महापेकर: ८ लाखांत काय होतंय? आम्ही सरळ ५-ॲक्सिस घेतलं. मशीन बघितलं की पार्टी चहा विचारते. कर्ज काढा, सीजीटीएमएसई या सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही.

नाना_फिटर: अहो, कर्ज नको म्हणालेत ते.

जय_ठाणेकर: आयडेक्सला, म्हणजे संरक्षण खात्याच्या अनुदान योजनेला अर्ज टाका दादा! दीड कोटी अनुदान! त्यातल्याच अदिती योजनेत तर २५ कोटींपर्यंत!!

रबाळे_प्लेटिंग: जय, अर्धंच वाचलंस. त्या दीड कोटीत जेवढं ते देणार तेवढंच आपण घालायचं, आणि पैसे टप्प्याटप्प्याने येतात. शिवाय सैन्याने मांडलेल्या अडचणीवर नवीन वस्तू काढणाऱ्यांसाठी आहे ते. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर बुश फिरवायला कोण अनुदान देईल? डीआरडीओचा टीडीएफ हा तंत्रज्ञान निधी खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत देतो, २०२२ पासून मर्यादा ५० कोटी, पण तोही नवीन तंत्रज्ञानालाच. सैन्याच्या खरेदीतल्या मेक-२ प्रकारात तर सरकार काहीच घालत नाही, नमुना आपल्या खर्चाने.
टर्नरदादा, तुम्हाला लागू पडणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर टेंडरला अनामत माफ. झेड या सरकारी दर्जा सर्टिफिकेटच्या फीत सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सूट, त्यातली पहिली पायरी ब्राँझ तर किरकोळीत होतं. आणि २०२० पासून सृजन पोर्टल आहे, बाहेरून येणाऱ्या कोणत्या वस्तू इथे बनवून हव्यात ते त्यावर दिसतं. रोज रात्री अर्धा तास चाळा.

जय_ठाणेकर: तेच म्हणत होतो मी. अदिती बघा एकदा, २५ कोटी.

कळव्याचा_इन्स्पेक्टर: झेडने काही होत नाही, एएस ९१०० हे दर्जाचं सर्टिफिकेट पाहिजे.

रबाळे_प्लेटिंग: ते विमानाच्या कामाला. बुशला कोण मागतंय?

कळव्याचा_इन्स्पेक्टर: मागतात. आमच्याकडे मागितलं.

नाना_फिटर: सर्टिफिकेट राहू द्या, गाळ्यातली शिस्त बघा. आमचे २०० पीस परत आले होते. मापात सगळे बरोबर! बारच्या टोकाला हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या बॅचचा बार ते सांगणारा नंबर, पंच केलेला असतो ना, पोराने करवत नेमकी त्याच टोकाला लावली. नंबरवाला तुकडा पहिल्याच पीसमध्ये गेला, उरलेला बार बेवारस. मटेरियलचं सर्टिफिकेट हातात, पण ते याच बारचं कशावरून? सगळा माल भंगारात. तेव्हापासून कापायच्या आधी बारवर दर फुटाला नंबर लिहून घेतो. सीएमएम घेऊ नका, बाहेर एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमधून मोजून घ्या.

महापेकर: अंबरनाथ ऑर्डनन्स फॅक्टरीत ओळख काढा, घराजवळ आहे.

इतिहासजमा: ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड आता नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला ७ कंपन्या झाल्या, अंबरनाथची फॅक्टरी यंत्र इंडियाकडे.

महापेकर: गेटवर पाटी कुठलीही असो, नट तोच लागतो.

इतिहासजमा: व्हेंडर नोंदणीचा अर्ज चुकीच्या कंपनीला गेला की मग कळतं.

थकलेला_सप्लायर: सगळे कामाचं बोलताय, पैशाचं कुणीच नाही. माल मार्चमध्ये दिला, बिल दिवाळीनंतर निघालं.

रबाळे_प्लेटिंग: ४५ दिवसांचा कायदा आहे २००६ पासून. थकलेल्या बिलांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

थकलेला_सप्लायर: टाका, आणि पुढची ऑर्डर विसरा.

नाना_फिटर: म्हणून म्हणतो, थेट जाऊ नका. ज्याला डिफेन्सचं काम आहे अशा मोठ्या व्हेंडरचं जॉबवर्क वर्षभर करा. कागद कसे ठेवायचे ते आपोआप कळतं. सीएमएम तर नकोच.

कळव्याचा_इन्स्पेक्टर: सीएमएम नको याला माझंही अनुमोदन. बाकी नानांशी पटत नाही.

वागळेचा_टर्नर: सगळ्यांचे आभार. रबाळेच्या ताई, झेडचा अर्ज भरला, सृजनवर तीन पिना सापडल्या, आमच्याच साईजच्या. नाना, बारवर नंबर आजपासून. जय, २५ कोटी मिळाले की मिसळ माझ्याकडून. आणि हो, काल भिवंडीत ते जुनं सीएमएम बघितलं. ६ लाख ४० हजार. टोकन दिलं.

नाना_फिटर: अहो, त्याला २० डिग्रीची खोली लागते. एसी कुठे लावणार?

वागळेचा_टर्नर: तो विषय घरी अजून काढला नाही.