मिशनरी आले आणि इग्बो बायकांचं काय गेलं?

उंबरठा:
परवा एक मैत्रीण म्हणाली, "मिशनरी गेले नसते तर आफ्रिकेतल्या बायका अजून चुलीपाशीच असत्या." मला ते फार लागलं, म्हणून हा धागा. आफ्रिका म्हणजे काही एक गाव नव्हे, तेव्हा आग्नेय नायजेरियातल्या इग्बो समाजापुरतंच बोलते.

तिथल्या ननोबी गावात इदेमिली ही देवी सर्वांत मोठी. शेतात, बाजारात वर आलेल्या बाईवर देवीचा हात आहे असं लोक मानायचे आणि तिला 'एक्वे' ही उपाधी मिळायची. पैसेवाली बाई स्वतः देज देऊन दुसरी बाई लग्नाने घरी आणायची. तिची मुलं या 'बाई-नवऱ्या'च्या घराण्याची. घरात कामाला हात वाढले की ही व्यापाराला मोकळी. इफी अमादियुमे या इग्बो अभ्यासक बाईंनी हे ननोबीत राहून नोंदवलं आहे.

१८५७ साली ओनित्शाला अँग्लिकन मिशन आलं. पुढे गावोगाव चर्च झाली, देव बाप झाला, पाद्री सगळे पुरुष. मिशनच्या शाळेत मुलींच्या वाट्याला शिवण आणि घरकाम. बाईने बाईशी केलेलं लग्न पाप ठरलं. देवीबरोबर बायकांचा मानही गेला, असं माझं ठाम मत आहे.

कोरडवाहू:
अजिबात सहमत नाही. जुळ्यांचं काय? जुळं जन्मलं की अमंगळ म्हणून तान्ही बाळं रानात टाकून यायचे, आणि आईलाही विटाळ. ओली बाळंतीण ती, कुणाकडे जाणार? चर्चच्या दारात अशा आया आधी आल्या, आणि देवाला वाहिलेले, वाळीत टाकलेले 'ओसू' लोकही. एक्वे मिळालेल्या बायका मूठभर, त्याही श्रीमंत. तुम्ही माडीवरून गाव बघताय.

उंबरठा:
जुळ्यांबद्दल एक शब्दही समर्थनाचा नाही माझ्याकडे. पण गरीब बायकांच्या हाती काही नव्हतं, हे मान्य नाही. कुणी बायकोला मारलं तर गावच्या बायका त्याच्या घराभोवती जमायच्या. टिंगलीची गाणी म्हणत, मुसळांनी भिंती बडवत, तो माफी मागेपर्यंत हलायच्या नाहीत. याला 'पुरुषावर बसणं' म्हणत. १९२९ मध्ये ओलोको गावात न्वान्येरुवा ही विधवा पामतेल काढत होती. सरकारी मोजणीवाला येऊन म्हणाला, शेळ्यामेंढ्या, माणसं मोज. आता बायकांवरही कर बसणार हे तिने ओळखलं आणि उलट विचारलं, "तुझ्या आईला मोजलं होतं का?" तिथून हजारो बायका उठल्या. इंग्रजांच्या गोळ्यांनी पन्नासाहून जास्त बायका मेल्या.

सांजवात:
ताई, पण हे खापर चर्चवर कसं फोडता? गावाची जुनी सभा मोडून सनदी 'वॉरंट चीफ', म्हणजे गावप्रमुख, नेमले ते इंग्रज सरकारने. एखाददुसरा अपवाद सोडला तर सगळे पुरुष. धर्म आणि सरकार वेगळं करून बघायला हवं.

उंबरठा:
कागदावर वेगळं होतं. पण बायकांना विचारायचं असतं हे त्या साहेबांच्या डोक्यात आलंच नाही, आणि मिशनने बायकांना तेच घर आदर्श म्हणून दाखवलं, ज्यात कर्ता पुरुष.

कोरडवाहू:
आणि जुन्या घरात कर्ता कोण होता? मुलगा नसेल तर बाप एखाद्या लेकीला 'मुलगा' ठरवून वारस करायचा. तुमच्या अमादियुमे बाईंनीच लिहिलंय ना? म्हणजे जमीन मिळायला लेकीला आधी पुरुष व्हावं लागे. लेक म्हणून तिचा हक्क नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मानला, २०१४ मध्ये. मुलींना वारसा नाकारणारी इग्बो प्रथा घटनाविरोधी ठरवली. मला ती प्रथा परत नको.

उंबरठा:
मलाही नको. निकाल वाचून बरं वाटलं होतं. पण तो राज्यघटनेच्या जोरावर आला, बायबलच्या नाही. १८५७ पासून २०१४ पर्यंत मोजा. जुळ्यांसाठी चर्च जुन्या रूढीशी भांडलं, लेकींच्या वाट्यासाठी तसं का नाही भांडलं, हे सांगा.