केबिन फिल्टर घरी बदलला, आता ब्लोअर टरटरतोय. मदत हवी आहे

मंडळी, गाडी एलिट आय२०, २०१७ ची, पेट्रोल. रोज कडुनिंबाखाली उभी असते. महिनाभर एसी लावला की पहिली दोन मिनिटं ओल्या पोत्यासारखा वास, आणि ब्लोअर चारवर नेला तरी हवा जेमतेम. सर्व्हिस सेंटरचा आकडा ऐकला आणि म्हटलं, केबिन फिल्टर (एसीची हवा गाळणारा) घरीच बदलू.

ग्लोव्हबॉक्स रिकामा केला (टोलच्या जुन्या पावत्याच मूठभर निघाल्या), आतले दोन स्टॉपर काढले, बाजूची दोरी सोडवली की तो खाली लोंबतो. मागे आडवं झाकण, टोकांना खटके. इथवर व्हिडिओत दाखवतात तसंच. माती खाल्ली ती फिल्टर ओढताना. घड्यांमध्ये निंबाच्या काड्या नि काळी धूळ गच्च, आणि मी तो तिरका करून ओढला. बराच कचरा आत सांडला. तो उडून जाईल म्हणून फिल्टर न लावताच ब्लोअर फुल्ल केला. हसू नका.

नवा फिल्टर लावल्यावर वास गेला, हवाही जोरात. पण ब्लोअर दोनच्या वर गेला की टर्रर्र! लहानपणी सायकलच्या चाकात पत्ता अडकवायचो ना, अगदी तसं.

फिल्टरवरचा बाण खाली तोंड करून लावलाय, बरोबर? ब्लोअर खोलावाच लागेल का? आणि जुना फिल्टर आई धुऊन वाळव म्हणते, बायको फेक म्हणते.

प्रतिसाद: बाण बरोबर. हवा फिल्टरमधून खाली ब्लोअरकडे जाते, म्हणून तर सांडलेलं सगळं पंख्यात गेलं. वरून व्हॅक्यूम मारून वेळ घालवू नका. गाडी बंद करा, डाव्या सीटच्या पायाशी ग्लोव्हबॉक्सखाली मोटर दिसेल. कनेक्टर काढा, स्क्रू सोडा, पंख्यासकट खाली येते. स्क्रूड्रायव्हर आखूड घ्या, लांब मावत नाही. पात्यांवर बारीक क्लिप असली तर ती बॅलन्सिंगची, कचरा समजून उपटू नका. फिल्टरबाबत वहिनींचं ऐका. धुतला की बारीक धूळ अडवत नाही, ओलसर राहिला तर तोच वास परत.

धागाकर्ता: धन्यवाद! तीन स्क्रूंना पाऊण तास लागला, मान आखडली. काड्या दोनच होत्या. आवाज करत होती टोलची पावती.