मदत हवी आहे : शाळा सोडावी की थांबावं? (खाजगी प्राथमिक, जळगाव जिल्हा)

नमस्कार मंडळी. मी डी.एड. आहे, यावल-रावेर पट्ट्यात एका विनाअनुदानित प्राथमिक शाळेत शिकवते.

पगार कमी आहे हे नोकरी धरतानाच माहीत होतं, त्याचं रडगाणं नाही. जुन्या मुख्याध्यापिका होत्या तोवर ह्याच पगारावर कोणी हललं नव्हतं. कुणा शिक्षिकेचं लेकरू आजारी पडलं की त्या स्वतः तिच्या वर्गावर जायच्या आणि संस्थाचालकांची बोलणी स्वतःच झेलायच्या. त्या निवृत्त झाल्या, खुर्चीवर अध्यक्षांच्या घरातलंच माणूस आलं आणि बघता बघता निम्मा स्टाफ गेला. एक सर फायनान्सच्या वसुलीला लागले, म्हणतात डोक्याला शांतता आहे. वसुलीत!

उन्हाळ्यात प्रत्येकाला ॲडमिशनचं टार्गेट. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन सांगायला नको, त्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर दारोदार फिरायचं. आकडा भरला नाही तर पगार अडकतो. रात्री साडेदहाला ग्रुपवर नाव घेऊन झाडतात, त्याखाली सगळ्यांनी 'ओके सर' टाकायचं. माणसं पळतात ती ह्यापायी, असं माझं स्पष्ट मत. बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं, डी.एड. झालेले ढिगानं पडलेत, जायचं तर जा.

सध्या पहिली-दुसरी एकत्र, 58 पोरं, मी एकटी. शिक्षण हक्क कायद्यात 60 पटापर्यंत दोन शिक्षक सांगितलेत. परवा गेटवर एक आजी विचारत होत्या, "मॅडम, तुम्हीबी जाई राह्यनात का?"

अडचण अशी, की रुजू होताना बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेतलीय आणि डी.एड.चं मूळ गुणपत्रक ऑफिसच्या कपाटात अडकलंय. ते परत कसं मिळवायचं? आणि कुठे सगळ्यांनी मिळून संस्थेशी बोलून फरक पडला असेल तर तेही सांगा, पोरांना सोडायला मन होत नाही. शाळेचं नाव कृपया विचारू नका.

प्रतिसाद (धुळे) : ताई, घाई करू नका. 1977 चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळेलाही लागू आहे. कलम 7 बघा : राजीनामा दोन प्रतींत, सही-तारखेसह, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला. त्यामुळे त्या बिनतारखेच्या कागदाचा फार धसका घेऊ नका. कायम असाल तर तीन महिन्यांची नोटीस, नसाल तर एक. त्यांनीच काढलं तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. गुणपत्रकासाठी आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नाहीच दिलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार. सगळ्यांनी मिळून बोलायचं तर तेही कागदावर, सह्यांनिशी. आमच्याकडे ग्रुपवरची झाडाझडती तेवढ्यानं तरी थांबली. तुमच्याकडे नियुक्तीपत्र आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आहे का?

धागाकर्ती : नियुक्तीपत्र आहे. मान्यतेचा प्रस्ताव पाठवला म्हणतात, जावक क्रमांक मात्र कधी दाखवला नाही.

प्रतिसाद (धुळे) : मग गुणपत्रकाच्याच अर्जात तो जावक क्रमांकही मागा. राजीनाम्याचं नंतर बघू.