मुलांना उझबेकिस्तानची ओळख कशी करून द्यावी?

ओवीची_आई:
लेक तिसरीत आहे. वर्गात प्रत्येकाला एकेक देश दिलाय, हिच्या वाट्याला उझबेकिस्तान आलाय. राजधानी ताश्कंद, चलन सोम, झेंडा असा... सगळं पाठ झालं, पण तिला त्यात गोडीच वाटत नाहीये. घरच्या घरी काय करता येईल?

रानवारा:
आम्ही मुलांना घेऊन तिकडे जाऊन आलोय, म्हणून सांगते. नकाशा नंतर काढा, आधी शब्द. बाजाराला ते बोझोर म्हणतात, दरवाज्याला दार्वोझा, रुमालाला रोमोल, आणि दोस्त तर दोस्तच. फारसीच्या वाटेने हे शब्द त्यांच्याकडेही गेले, आपल्याकडेही आले. आणि 'साबझी' म्हणजे गाजर! आमचा धाकटा भाजीबाजारात प्रत्येक गाजराकडे बोट दाखवून साबझी, साबझी ओरडत होता.

दुसरं म्हणजे नान करा. त्यांचा नान आपल्या हॉटेलातल्यासारखा लांबट नसतो. गोल, कडा टम्म फुगलेल्या, मधला भाग चपटा. तो भाग फुगू नये म्हणून 'चेकिच' नावाच्या खिळ्यांच्या ठशाने टोचतात, त्याचीच नक्षी उमटते. मैदा यीस्ट घालून मळा, गोळा थापा आणि मधे टोचायचं काम ओवीला द्या. काट्याचा चमचा चालतो. वरून तीळ, मग ओव्हनमध्ये. तिथे नान कधी पालथा ठेवत नाहीत, सुरीने न कापता हातानेच तोडतात. हे तिला नक्की सांगा. पान टाकू नको म्हणणारी आजी घरात असेल तर तिला लगेच पटेल.

ध्रुवतारा६२:
रात्री गच्चीवर न्या. समरकंदला पंधराव्या शतकात उलुगबेग नावाचा राजा होता, तैमूरचा नातू. त्याने वेधशाळा बांधली आणि दुर्बिणीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी १०१८ ताऱ्यांची यादी केली. जंतरमंतर बांधणाऱ्या सवाई जयसिंगानेही त्याच्या कोष्टकांचा आधार घेतला होता. शास्त्रीजींचं निधन ताश्कंदला झालं, ११ जानेवारी १९६६, हेही सांगा. आजोबांना तो दिवस आठवत असेल, तर त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

मीठभाकर:
अरल समुद्र वगळू नका. कापसासाठी नद्यांचं पाणी वळवलं आणि समुद्र आटला. मोयनाक हे पूर्वीचं बंदर, तिथे आता वाळूत गंजलेली जहाजं उभी आहेत. मुलं लहान आहेत म्हणून हे लपवू नये, त्यांना चांगलं कळतं.

ओवीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काट्याचा चमचा आत्ताच तिच्या हातात आहे. रानवाराताई, मैदा किती घट्ट मळायचा?

रानवारा:
पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल. आणि तासभर तरी झाकून ठेवा.